आयडलची थरथर आणि फ्लोअरवरचे पायझो पॅच: कंपन अडवायचं कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाची छोटी व्हॅन, इंजिन पुढच्या सीटखाली. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, सीटचा रूळ आणि फ्लोअर थरथरतो, एसी लावला की जास्तच. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी बेत असा की फ्लोअरच्या पत्र्यावर पायझो पॅच, म्हणजे वीज दिली की किंचित लांबणाऱ्या-आखडणाऱ्या चकत्या, चिकटवायचे, शेजारी अ‍ॅक्सेलरोमीटर (कंपन मोजणारा सेन्सर) बसवायचा आणि त्याचा सिग्नल उलटा करून अ‍ॅम्प्लिफायरमार्फत पॅचला द्यायचा. किती पॅच लागतील, कुठे लावायचे आणि कंट्रोलर कोणता घ्यायचा, असं विचारलं आहे.

माझं उत्तर आधीच सांगतो. या थरथरीसाठी फ्लोअरवर एकही पॅच लावू नका. हे कंपन बॉडीत जिथून शिरतं तिथेच, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं त्या माउंटपाशी, गॅरेजमध्ये ज्याला फाउंडेशन म्हणतात तिथे, अडवा. अ‍ॅक्सेलरोमीटरचा सिग्नल नुसता उलटा करून देण्याचा विचारही सोडा. तुमच्याकडे त्याहून चांगला सिग्नल आधीच गाडीत आहे, इंजिनच्या मुख्य दांड्याचा, म्हणजे क्रँकचा, सेन्सर. पुण्यात वाहनांच्या कंपन आणि आवाजावर काम करण्यात माझी वीसेक वर्षं गेली, त्यातली बरीचशी याच दोन गोष्टी पटायला आणि पटवायला लागली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हिशेब करू. आयडल ८५० आरपीएम धरलं तर क्रँक सेकंदाला साधारण १४.२ फेरे मारतो. चार-स्ट्रोक तीन सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दीड स्फोट होतात. म्हणजे तुमच्या थरथरीची मुख्य वारंवारता २१ हर्ट्झच्या आसपास आहे. शिवाय तीन सिलिंडरची रचनाच अशी की वरखालीचे जोर एकमेकांना फेडतात, पण त्यांचं युग्म, म्हणजे इंजिनला टोकांशी डोलवणारी जोरांची जोडी, फिटत नाही. ते फेडणारा बॅलन्सर शाफ्ट नसेल तर इंजिन क्रँकच्याच गतीने, म्हणजे १४ हर्ट्झला, पुढे-मागे डोलतं. एसी लावला की इंजिनवरचा भार वाढतो, प्रत्येक स्फोटाचा झटका मोठा होतो, म्हणून थरथर वाढते. हे सगळं दहा ते पंचवीस हर्ट्झच्या पट्ट्यातलं काम आहे आणि पुढचा प्रत्येक निर्णय या आकड्यावरून ठरतो.

आता पायझो पॅच काय करतो ते बघा. व्होल्टेज दिलं की पॅच लांबीत किंचित वाढतो किंवा आखडतो. पीझेडटी या पायझो सिरॅमिकचा ताण (लांबीतला बदल) जास्तीत जास्त हजारात एक भाग, व्यवहारात त्याहूनही कमी. पत्र्याच्या एका बाजूला तो चिकटवलेला असतो, म्हणून त्याच्या आखडण्याने पत्रा वाकतो. पॅचला स्वतःला टेकायला बाहेर काहीही नसतं. तो पत्र्यालाच धरून पत्र्याला वाकवतो. त्यामुळे जिथे पत्रा मुळात वाकतोय तिथेच त्याला काम आहे. २१ हर्ट्झला तुमचा फ्लोअर वाकत नाही. त्या पत्र्याचे स्वतःचे मोड, म्हणजे ज्या वारंवारतांना तो आपणहून वाकत थरथरतो त्या, बरेच वर असतात. २१ हर्ट्झला फ्लोअर, रूळ, सीट, सीटवरचा माणूस, सगळं एकत्र वरखाली होतं, पाटावर ठेवलेल्या ताटासारखं. पाट हलतोय आणि तुम्ही ताट वाकवताय. वीस पॅच लावा नाहीतर दोनशे, रुळावरच्या रीडिंगमध्ये फरक दिसणार नाही.

मग अडवायचं कुठे? यासाठी पहिल्या दिवशी एकच मोजमाप करा. प्रत्येक माउंटच्या दोन्ही बाजूंना, इंजिनकडे एक आणि बॉडीकडे एक, असा तीन दिशांचा अ‍ॅक्सेलरोमीटर लावा. एक सीटच्या रुळावर, एक स्टिअरिंगवर, आणि क्रँकचा टॅको (फेरे मोजणारा) सिग्नल सोबत रेकॉर्ड करा. इंजिन ७५० पासून १३०० आरपीएमपर्यंत हळूहळू चढवा, एकदा एसी बंद ठेवून आणि एकदा चालू करून. नंतर इंजिन बंद करून माउंटच्या बॉडीकडच्या ब्रॅकेटवर इम्पॅक्ट हॅमर (ठोक्याचा जोर मोजणारा हातोडा) मारा आणि रुळावर काय येतं ते बघा. कॉलेजात हॅमर नसेल तर बाहेर मिळतो. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत एनव्हीएचची (आवाज आणि कंपनाची) स्वतंत्र प्रयोगशाळाच आहे. एवढं केलंत की कोणत्या माउंटमधून, कोणत्या दिशेने, किती जोर रुळापर्यंत पोचतोय ते कळतं. बहुतेक वेळा एकच माउंट आणि एकच दिशा निम्म्याहून जास्त दोषी निघते.

आणि हे करताना एक्झॉस्टचे हँगर, एसीचे पाइप, क्लच केबल, गिअरच्या रॉडचं बुश हेही हाताने चाचपून बघा. माउंट कितीही मऊ असू दे, शेजारून एसीचा पाइप बॉडीला टेकला असेल तर कंपन त्या आडवाटेने आत येतं. मी एका डिलिव्हरी व्हॅनवर महिनाभर उलटा जोर लावणाऱ्या अ‍ॅक्चुएटरच्या जागा ठरवत होतो आणि रुळावरचं चाळीस टक्के कंपन एक्झॉस्टच्या एका कडक झालेल्या रबरी हँगरमधून येत होतं. तो हँगर बदलल्यावर अ‍ॅक्चुएटर निम्म्या वजनाचा पुरला. सक्रिय, म्हणजे वीज घालून उलटा जोर लावणाऱ्या, नियंत्रणाच्या आधी साधं रबर नीट करून घेणं ही माझ्यासाठी अट आहे, कारण जे रबराने जातं त्यासाठी वीज आणि पैसा घालायचं कारण नाही.

शिरकावाच्या जागी अडवायचं ही कल्पना माझी नाही, मोठमोठ्या यंत्रांवर ती सिद्ध झालेली आहे. सर्वांत चांगलं उदाहरण हेलिकॉप्टरचं. रोटरची पाती फिरताना जो ठोका बसतो तो गिअरबॉक्समधून खालच्या धडात उतरतो. ईएच-१०१ या पाच पात्यांच्या हेलिकॉप्टरमध्ये हा ठोका साडेसतरा हर्ट्झच्या आसपास आहे, तुमच्या व्हॅनच्या अगदी जवळ. ते बनवणाऱ्या वेस्टलँड कंपनीच्या अभियंत्यांनी १९८० च्या दशकात जी व्यवस्था तयार केली तिच्यात अ‍ॅक्चुएटर केबिनच्या पत्र्यावर नव्हते. ते गिअरबॉक्स आणि धड यांना जोडणाऱ्या आधारांमध्येच बसवले होते. सेन्सर मात्र धडात ठिकठिकाणी होते. कंपन मोजायचं माणूस बसतो तिथे, अडवायचं ते शिरतं तिथे. हे वेगळेपण नीट लक्षात घ्या, कारण तुमच्या आराखड्यात सेन्सर आणि अ‍ॅक्चुएटर दोन्ही माणसाच्या पायाखाली आहेत.

मोटारींमध्ये हेच माउंटच्या रूपाने आलं. २००३ च्या होंडा इन्स्पायरमध्ये व्ही-६ इंजिनचे तीन सिलिंडर बंद ठेवून चालवायची सोय होती. सहाचे तीन झाले की स्फोटांचा ठोका निम्म्या वारंवारतेवर येतो आणि जोरकस होतो. तो साध्या रबराला झेपत नव्हता, म्हणून तिथे सक्रिय माउंट आणि स्पीकरमधून आवाज मारणारी व्यवस्था दोन्ही दिल्या. ऑडीने २०१२ च्या एस-८ मध्ये, आठाचे चार सिलिंडर करणाऱ्या इंजिनाबरोबर, कॉइलवर चालणारे सक्रिय माउंट वापरले. दोन्हीकडे कारण एकच, सिलिंडर कमी झाले आणि ठोका खाली उतरला. तुमची तीन सिलिंडरची व्हॅन कायम त्याच अवस्थेत असते.

चुंबकीय द्रवाच्या माउंटांबद्दलही विचारणा होते. पोर्शच्या ९११ जीटी-३ मध्ये ते २००९ पासून आले. त्यात चुंबकीय क्षेत्राने द्रव घट्ट-पातळ होतो, म्हणजे माउंट कडक किंवा मऊ होतो. उपयोगी गोष्ट आहे, पण ती स्वतः उलटा जोर लावत नाही. आयडलला मऊ आणि वळणावर कडक हवं असेल तेव्हा ती निवडा.

आता कंट्रोलर. तुमच्या आराखड्यातली खरी अडचण इथे आहे आणि ती विलंबाची आहे. सेन्सरचा सिग्नल आधी अँटी-एलियासिंग (नको त्या वरच्या वारंवारता कापणाऱ्या) फिल्टरमधून जातो, मग सँपल होतो, म्हणजे आकड्यांत उतरतो, प्रोसेसर हिशेब करतो, पुन्हा अ‍ॅनालॉग होतो, अ‍ॅम्प्लिफायरमधून जातो. साध्या बोर्डावर या सगळ्याला दोन मिलिसेकंद सहज लागतात. दोन मिलिसेकंद २१ हर्ट्झला फेजमध्ये, म्हणजे लाटेच्या ३६० अंशांच्या चक्रात, फक्त १५ अंशांचा फरक पाडतात. पण तेच दोन मिलिसेकंद १२५ हर्ट्झला बरोबर ९० अंश होतात आणि २०० हर्ट्झला १४४ अंश. वेग मोजून उलटा जोर लावताना ९० अंशांच्या पलीकडे गेलं की तुमचा जोर कंपन शोषायचं सोडून त्यात ऊर्जा घालायला लागतो. आणि सव्वाशे हर्ट्झच्या वर फ्लोअरचे मोड दाटीवाटीने असतात. म्हणजे २१ हर्ट्झ कमी करायला गेन (सिग्नल किती पट करायचा ते) वाढवलात की वरचा एखादा मोड शिट्टी मारू लागेल. फिल्टर लावून वरचं कापायला गेलात तर तो फिल्टर स्वतः आणखी फेज खातो. यातून सुटका नाही असं नाही, पण आयडलसाठी त्या वाटेला जायचं कारणच नाही.

कारण इंजिनचं कंपन पुनरावृत्तीचं आहे. पुढचा ठोका कधी येणार हे क्रँकचा सेन्सर आधीच सांगतो. म्हणून क्रँकच्या दीडपट वारंवारतेचा एक साइन आणि एक कोसाइन प्रोसेसरमध्येच तयार करा. दोघांना एकेक गुणक द्या, त्यांची बेरीज अ‍ॅक्चुएटरला पाठवा आणि रुळावरचं उरलेलं कंपन बघून ते दोन गुणक हळूहळू बदलत राहा. फिल्टर्ड-एक्स एलएमएस ही पद्धत हेच करते. इथे विलंब शत्रू राहत नाही. या ठोक्याला उशीर झाला तर तो फेजमध्ये धरून पुढच्या ठोक्याला भरून काढता येतो. १४ हर्ट्झच्या डोलण्यासाठी आणखी एक जोडी, म्हणजे एकूण चार गुणक. यासाठी १ किलोहर्ट्झचं सँपलिंग भरपूर आहे आणि साधा मायक्रोकंट्रोलर पुरतो.

फेज किती अचूक हवी, तेही सांगतो. उलटा जोर अगदी बरोबरीचा असला आणि फेज ६ अंशांनी चुकली तर मूळच्या दहा टक्के कंपन उरतं, म्हणजे २० डेसिबलची घट. १५ अंश चुकली तर २६ टक्के उरतं. ६० अंश चुकली तर काहीच कमी होत नाही आणि त्याहून पुढे कंपन वाढतं. एलएमएस ही चूक स्वतः सुधारत नेते, पण एका अटीवर. अ‍ॅक्चुएटरपासून सेन्सरपर्यंतच्या वाटेचं तुमचं मॉडेल खऱ्या वाटेपासून ९० अंशांच्या आत असलं पाहिजे. ते ओलांडलं की गुणक उलट्या दिशेने चालू लागतात आणि कंपन वाढतच जातं.

ही अट मी एका जानेवारीतल्या पहाटे शिकलो. एका छोट्या ट्रकवर आम्ही मे महिन्याच्या दुपारी वाटेचं मॉडेल मोजलं होतं, इंजिन गरम, आयडल ८०० च्या जवळ. सगळं सुंदर चाललं. आठ महिन्यांनी पहाटे साडेपाचला उघड्यावर उभी असलेली तीच गाडी सुरू केली आणि पाच-सहा सेकंदांत केबिन अशी हलू लागली की ड्रायव्हरने चावी बंद केली. थंड इंजिन १२०० आरपीएमवर होतं. त्यामुळे ठोका वर सरकला आणि बॉडीच्या पहिल्या बेंडिंग (वाकण्याच्या) मोडवर जाऊन बसला. मोड ओलांडताना फेज जवळपास १८० अंश फिरते. आमच्या मॉडेलला तो पट्टा कधी दाखवलाच नव्हता. तेव्हापासून मी वाटेचं मॉडेल कोल्ड स्टार्टच्या आरपीएमपर्यंत मोजतो, थंड रबरावर आणि गरम रबरावर वेगवेगळं. गुणकांना थोडी गळती ठेवतो, म्हणजे त्रुटी नसेल तेव्हा ते आपोआप शून्याकडे सरकतात. आणि जोराला वरची मर्यादा घालतो. रुळावरचं कंपन सलग दोन सेकंद वाढत गेलं तर अ‍ॅक्चुएटर बंद, हा नियम कोडमध्ये सर्वांत आधी लिहितो. तुम्हीही तो आधी लिहा.

अ‍ॅक्चुएटर किती मोठा? सक्रिय माउंट बाजारातून आणून तुमच्या व्हॅनला बसवणं प्रोजेक्टच्या वेळात जमणार नाही. त्याऐवजी माउंटच्या बॉडीकडच्या ब्रॅकेटवर इनर्शियल अ‍ॅक्चुएटर लावा, म्हणजे कॉइल, चुंबक आणि स्प्रिंगवर लटकलेलं वजन. वजन हललं की ब्रॅकेटवर तेवढाच उलटा जोर पडतो. समजा रुळावर ०.३ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढा त्वरण आहे आणि हॅमरच्या चाचणीत ब्रॅकेटवरच्या एका न्यूटनला रुळावर ०.०१ मिळतं. मग ३० न्यूटन हवेत. अर्ध्या किलोचं वजन २१ हर्ट्झला दोन मिलिमीटर दोन्हीकडे हललं तर साधारण १८ न्यूटन मिळतात. म्हणजे वजन ८५० ग्रॅम तरी घ्या किंवा चाल साडेतीन मिलिमीटर ठेवा. वारंवारता खाली उतरते तशी चाल वर्गाने वाढते. १४ हर्ट्झला तेवढ्याच जोरासाठी सव्वादोनपट चाल लागेल. वजन स्टॉपरला आपटायला लागलं की आवाज येतो आणि सिग्नलमध्ये नको त्या वारंवारता घुसतात, म्हणून दीडपट जागा ठेवा.

स्प्रिंग अशी निवडा की अ‍ॅक्चुएटरची स्वतःची वारंवारता तुमच्या सर्वांत खालच्या ठोक्याच्याही खाली, दहा हर्ट्झच्या आसपास, राहील. या स्वतःच्या वारंवारतेखाली, म्हणजे रेझोनन्सखाली, त्याच्या जोराची फेज उलटते. तो १७ हर्ट्झवर बसवलात तर १४ आणि २१ च्या मधोमध ही उलथापालथ होते, आणि १४ च्या डोलण्यावर न्यूटनही फार कमी मिळतात.

सेन्सर एकच ठेवू नका. रुळावर एकच सेन्सर ठेवून तो शांत केला की गाडी शांत झाली असं कागदावर वाटतं. मी एकदा रूळ पंधरा डेसिबलने उतरवला आणि चाचणीचा ड्रायव्हर म्हणाला, सर, आता स्टिअरिंग हाताला मुंग्या आणतंय. त्याचं खरं होतं. अ‍ॅक्चुएटर एक, जागा दोन. एकीकडचं दाबताना दुसरीकडे वाढलं. तेव्हा रूळ आणि स्टिअरिंग दोन्हींची बेरीज कमी करायला सांगा आणि दोघांना वजन द्या. बसलेल्या माणसाला वरखालीचं कंपन ४ ते ८ हर्ट्झला सर्वांत जास्त जाणवतं, हाताला ८ ते १६ च्या पट्ट्यात. म्हणून १४ हर्ट्झचं डोलणं मापात लहान दिसलं तरी स्टिअरिंगवर त्याला मान द्या.

पायझो पॅचवर तुमचा जीव असेल, तर त्यांनाही या गाडीत जागा आहे. ४००० आरपीएमला तोच दीडपट ठोका १०० हर्ट्झवर पोचतो. त्याच्या वाटेत फ्लोअरचा एखादा मोड आला की केबिन घुमते, कानाला दडे बसल्यासारखे होतात. इथे पत्रा खरंच वाकतो, पॅचला पकड मिळते. पॅच मोडच्या सर्वांत जास्त वाकणाऱ्या जागी लावा. सेन्सर त्याच्याच पाठीमागे, पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे दोघांना मोड एकाच फेजमध्ये दिसतो आणि वरच्या मोडांना चुकून हवा मिळण्याचा धोका खूप कमी होतो. सिग्नल नुसता उलटा करण्याऐवजी पॉझिटिव्ह पोझिशन फीडबॅक वापरा. त्यात कंट्रोलर स्वतःच त्या मोडवर ट्यून केलेला दुसऱ्या क्रमाचा फिल्टर असतो आणि वर जाताना त्याचा गेन आपोआप उतरतो. या वारंवारतेला विलंब मात्र पाव मिलिसेकंदाच्या आत आणा.

प्रोसेसर टाळायचा असेल तर पॅचला इंडक्टर आणि रोध जोडून शंट करता येतो, म्हणजे कंपनाची ऊर्जा त्या सर्किटमध्ये जिरवता येते. हॅगूड आणि फॉन फ्लोटो यांनी १९९१ साली त्याचा हिशेब नीट मांडला. पण १०० नॅनोफॅरडच्या पॅचला १०० हर्ट्झवर ट्यून करायला सुमारे २५ हेन्रीचा इंडक्टर लागतो. तो तारेचा गुंडाळलात तर पॅचपेक्षा कितीतरी जड होईल. ऑप-अँपने कृत्रिम इंडक्टर बनवावा लागतो. चिकटवताना पत्रा घासून, पुसून, पातळ इपॉक्सीचा एकसारखा थर द्या. जाड थरात पॅचचा ताण गोंदातच जिरतो. पॅच ठिसूळ असतो, फ्लोअरच्या खोलगट नक्षीवर बसवायला गेलात तर तडकेल. सपाट जागा शोधा. फ्लोअरवर कारखान्यातून आलेला डांबरी पॅड असेल तर तो आहे तसा राहू द्या आणि पॅच खालून लावा.

अ‍ॅम्प्लिफायर विकत घेण्याआधी मला दोनच आकडे हवे आहेत: तुमच्या सर्वांत दोषी माउंटच्या ब्रॅकेटवरच्या एका न्यूटनला रुळावर किती त्वरण येतं, आणि थंड इंजिन सुरू झाल्यावर पहिल्या मिनिटात आरपीएम कुठपर्यंत चढतं. त्यावर अ‍ॅक्चुएटरचं वजन, स्प्रिंग आणि मॉडेलचा पट्टा तिन्ही ठरतील.